पुस्तकाची शेवटची पानं : मराठी सूची आणि इनडिझाइन



ग्रंथनिर्मितीवरच्या या मालेत आज आपण पुस्तकाच्या अगदी शेवटी जाणार आहोत. मुखपृष्ठावर बोलणारे पुष्कळ असतात, प्रस्तावनेवर तर भांडणंही होतात. शेवटच्या आठदहा पानांवर, म्हणजे सूचीवर, कुणी बोलत नाही. परीक्षण लिहिणारा फार तर ‘शेवटी सूची जोडली आहे’ एवढं लिहून मोकळा होतो. ती सूची कशी आहे, तिच्यात कोण आहे, कोण नाही, हे तो बघत नाही. आज आम्ही नेमकं तेच बघायचं ठरवलं आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत ‘सूची’ हा शब्द तीनचार कामं करतो. वाचलेल्या ग्रंथांची यादी ती संदर्भसूची. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची जी सूची केली ती ग्रंथसूची. पुस्तकाच्या सुरुवातीला प्रकरणांची यादी असते ती अनुक्रमणिका. आज आपला विषय आहे तो यांपैकी एकही नाही. पुस्तकात आलेली माणसं, गावं, संस्था, कल्पना वर्णक्रमानं लावून त्यांच्यापुढे पानांचे आकडे देणारी जी शेवटची सूची, ती आपला विषय. अनुक्रमणिका लेखकाची वाट दाखवते. ही सूची वाचकाला स्वतःची वाट काढू देते.

कुणी म्हणेल, ही पद्धत आपली नाही, बाहेरून आली. असं म्हणणं जरा कठीण आहे. कात्यायनाच्या नावावर असलेली ऋग्वेदाची सर्वानुक्रमणी सूक्ताचे पहिले शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता, छंद अशी नोंद देते. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि मग श्लोकचरणांची प्रतीकसूचीच सहा खंडांत काढली. म्हणजे नोंद ठेवण्याची शिस्त आपल्याकडे होती. तरीही आज दुकानात जाऊन चारशे पानी मराठी चरित्र किंवा इतिहास उचला, शेवटी बहुतेक वेळा लेखकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात सापडते, सूची सापडत नाही.

कारण काय? कारण अगदी व्यवहारातलं आहे. पानांचे आकडे पक्के झाल्याशिवाय सूची करता येत नाही. आकडे पक्के होतात तेव्हा प्रकाशन समारंभाची पत्रिका छापून झालेली असते. त्यात पुस्तक सोळा पानी फॉर्मात बसवायचं असतं. शेवटच्या फॉर्मात पाच पानं उरली तर सूची पाच पानांची, दोन उरली तर दोन पानांची, आणि एकही उरलं नाही तर ‘पुढच्या आवृत्तीत बघू’. पुढची आवृत्ती कधी येते ते आपल्याला माहीत आहे.

इथं पानांची मांडणी करणारं सॉफ्टवेअर खरोखर मदतीला येतं. त्याचं श्रेय आधी देऊ, मग टीका.

पूर्वी सूची चिठ्ठ्यांवर व्हायची. अंतिम प्रूफ हातात घ्यायचं, प्रत्येक नावाची एक चिठ्ठी, तिच्यावर पानाचा आकडा. लेखकानं पान ६०वर एक परिच्छेद वाढवला की ६१पासून पुढचे सगळे आकडे संशयास्पद. इनडिझाइनमध्ये आकडा लिहायचाच नसतो. मजकुरात त्या शब्दापाशी एक अदृश्य खूण टाकायची असते. परिच्छेद पुढे गेला, खूण पुढे गेली. मजकूर कापून दुसऱ्या प्रकरणात चिकटवला, खूण तिकडे गेली. शेवटी सूची ‘तयार कर’ म्हटलं की त्या वेळी खूण ज्या पानावर असेल तो आकडा येतो. म्हणजे अंतिम प्रूफाची वाट न बघता पहिल्या मांडणीपासून सूचीचं काम सुरू करता येतं. मराठी प्रकाशनाच्या घाईगर्दीत ही फार मोठी सोय आहे.

सोयी आणखीही आहेत. मुख्य नोंद, तिच्याखाली उपनोंद, अशा चार पातळ्या मिळतात. एखादी चर्चा पाच पानं चालत असेल तर खूण ‘पुढचे इतके परिच्छेद’ किंवा ‘हा मजकूर संपेपर्यंत’ अशी पसरवता येते. ‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’ असे निर्देश देता येतात. प्रकरणं वेगवेगळ्या फाइलींत असतील तर त्या एका बुक फाइलीत बांधून सगळ्यांची मिळून सूची काढता येते.

एक नियम मात्र भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. तयार झालेल्या सूचीच्या पानावर हातानं दुरुस्ती करायची नाही. दुरुस्ती सूचीच्या पॅनेलमध्ये करायची. पानावर केलेली दुरुस्ती पुढच्या वेळी सूची नव्यानं काढली की पुसली जाते. तसंच प्रूफ तपासताना एखादं वाक्य खोडून नव्यानं टाइप केलं तर त्यातली खूणही खोडली जाते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मजकुराची शेवटची दुरुस्ती करणाऱ्याला खुणा दाखवणारं दृश्य चालू ठेवूनच काम करायला सांगा.

आता टीकेकडे वळू. या अवजाराच्या मनात एक भाषा आहे, आणि ती मराठी नाही.

समजा, सत्यशोधक समाजाच्या इतिहासावरचं एक पुस्तक आपल्यासमोर आहे. समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ची, पुण्यातली. साहजिकच ‘पुणे’ ही नोंद हवी. शब्द निवडला आणि ‘सगळे जोडा’ हे बटण दाबलं. हे बटण पूर्ण शब्द शोधतं, जसा निवडला तसाच. इंग्रजीत हे बऱ्यापैकी चालतं, कारण तिथं गावाचं नाव वाक्यात बहुधा जसंच्या तसं राहतं. मराठीत ‘पुणे’ वाक्यात शिरलं की ‘पुण्यात’, ‘पुण्याला’, ‘पुण्याहून’, ‘पुण्याच्या’ होतं. ‘शाळा’चं ‘शाळेत’ होतं, ‘शाळांना’ होतं. आपली विभक्ती शब्दाला चिकटते, आणि चिकटण्याआधी शब्दाचं सामान्यरूप करून टाकते. बटण दाबणाऱ्याला वाटतं, पुणं सगळं आलं. आलेलं असतं ते फक्त ‘पुणे हे शहर’ अशा वाक्यांतलं पुणं.

आणि उलट बाजूही आहे. ‘फुले’ निवडून ‘सगळे जोडा’ म्हणा. ‘फुलेंनी’, ‘फुल्यांच्या’ हे सुटतात. पण समाधीवर वाहिलेली फुले, बागेतली फुले, सगळी जोतीरावांच्या नावावर जमा होतात. हसू येतं खरं, पण आडनावाला शब्दाचा अर्थही असणं आपल्याकडे नवीन नाही. ‘टिळक’ कपाळावरही असतो.

उपाय आहे. शोधायचं काम बटणावर सोडू नका, शोधपेटीवर सोपवा. ‘पुण्या’ एवढंच शोधा, ‘फुलें’ शोधा, ‘शाळे’ आणि ‘शाळां’ वेगवेगळे शोधा. इनडिझाइनच्या ग्रेप शोधात अशी अनेक रूपं एकाच नमुन्यात बांधता येतात. शोधानं ती जागा दाखवायची आणि खूण टाकायची की नाही ते माणसानं वाक्य वाचून ठरवायचं. वेळ लागतो. पण सूचीचं काम म्हणजे हे ठरवणंच आहे.

नावांसाठी एक कीबोर्ड आज्ञा आहे. नाव निवडून ती दाबली की शेवटचा शब्द पुढे येतो. ‘जोतीराव गोविंदराव फुले’चं झटक्यात ‘फुले, जोतीराव गोविंदराव’ होतं. उत्तम. आता ‘शाहू महाराज’ निवडा. ‘महाराज, शाहू’. मग ‘महाराज, गाडगे’. पाहता पाहता ‘महाराज’ आडनावाचं एक मोठं घराणं सूचीत उभं राहतं. दोन शब्दांमध्ये न तुटणारी जागा टाकली की सॉफ्टवेअर त्यांना एकच शब्द समजतं, म्हणून ही अडचण सुटते. त्यापुढची अडचण सुटत नाही. हे कोल्हापूरचे शाहू की साताऱ्याचे? ते पुस्तक वाचल्याशिवाय कळत नाही. ‘शिंदे’ म्हणजे ताराबाई, विठ्ठल रामजी की महादजी? नुसत्या ‘शिंदे’ या नोंदीपुढे बारा आकडे आले तर ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाईंना शोधणारी विद्यार्थिनी पानिपतोत्तर राजकारणात जाऊन पोहोचेल.

टोपणनावांचं आपण काय करतो? कुसुमाग्रज क-मध्ये की शिरवाडकर श-मध्ये? केशवसुत की दामले? आमचं मत असं : वाचक ज्या नावानं शोधील तिथं पूर्ण नोंद द्यावी आणि दुसऱ्या नावाशी ‘पाहा’ लावावं. दोन्हीकडे अर्धे अर्धे आकडे देणं हे सगळ्यात वाईट, आणि अनेक सूच्यांमध्ये नेमकं तेच होतं, कारण एका प्रकरणात लेखकानं ‘केशवसुत’ लिहिलेलं असतं आणि दुसऱ्यात ‘दामले’. गावांची नावं बदलतात तेव्हाही हेच. जुन्या दस्तऐवजात अहमदनगर आहे, आजच्या नकाशात अहिल्यानगर. मजकुरात लेखकाचा शब्द राहू द्या, पण सूचीत दोन्ही दारं उघडी ठेवा.

आता वर्णक्रम. मराठी सूचीचं खरं दुखणं इथं आहे.

जुन्या फाँटांच्या काळात, पेजमेकरच्या दिवसांत, देवनागरी अक्षर हे संगणकाच्या दृष्टीनं रोमन अक्षराच्या जागी बसवलेलं चित्र होतं. क्रम लावायला सांगितलं तर तो रोमन संकेतांचा लागायचा, म्हणजे मराठीच्या दृष्टीनं कसलाच नाही. युनिकोड आलं आणि अक्षराला स्वतःचा संकेत मिळाला. पण संकेतांचा क्रम म्हणजे आपली वर्णमाला नव्हे.

उदाहरण घेऊ. तीन आडनावं : काळे, कावळे, काशीकर. शाळेत शिकलेली वर्णमाला श, ष, स, ह आणि मग ळ, क्ष, ज्ञ अशी संपते. त्या हिशेबानं क्रम लागतो कावळे, काशीकर, काळे. युनिकोडमध्ये ळ हा ल-च्या लगेच पुढे बसवलेला आहे. नुसत्या संकेतांनी क्रम लावला तर काळे सगळ्यांच्या आधी. ‘क्षीरसागर’ क-च्या शेवटी जातं, कारण संगणकाला तो क आणि ष दिसतो. ‘ज्ञानेश्वर’ ज-च्या शेवटी. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडनं फार पुढची जागा दिली, म्हणून ‘ॲरिस्टॉटल’ अ-जवळ न सापडता थेट ह-च्या पलीकडे जाऊन बसतो. अनुस्वाराचा प्रश्न तर आपल्यातच मिटलेला नाही. ‘गंगा’मधला अनुस्वार ग-च्या आरंभीच धरायचा, की तो ङ समजून जोडाक्षरांत न्यायचा? दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो. पुस्तकानं एक बाजू घ्यावी आणि सूचीच्या माथ्यावर एका ओळीत ती सांगावी.

यापेक्षा फसवी गोष्ट म्हणजे दिसायला एक आणि आत दोन असलेले शब्द. ‘वऱ्हाड’ मधला तो अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. ‘ॲ’सुद्धा एका संकेतानं येतो किंवा अ-वर चंद्र देऊन येतो. पानावर फरक दिसत नाही. सूची काढली की ‘वऱ्हाड’ दोनदा येतं, अर्धे आकडे इथं, अर्धे तिथं, आणि प्रूफवाचक म्हणतो, ‘अहो, हे चुकून दोनदा पडलंय, एक काढा.’ एक काढलं की अर्धं वऱ्हाड गेलं. म्हणून सूचीला हात लावण्याआधी सगळा मजकूर एकाच पद्धतीच्या संकेतांवर आणून घ्या.

सॉफ्टवेअर इथं एक चौकट देतं, ती फार कमी लोक वापरतात. नोंदीच्या शेजारी ‘या नावानं क्रम लाव’ अशी रिकामी जागा असते. नोंद ‘ॲरिस्टॉटल’ राहते आणि क्रमासाठी ‘अरिस्टॉटल’ लिहिता येतं. ‘१८५७चा उठाव’ आकड्यांत न टाकता ‘अठराशे सत्तावन्न’ म्हणून अ-मध्ये नेता येतो. यानं बरंच काम भागतं. ळ, क्ष आणि ज्ञ यांचं मात्र पूर्ण भागत नाही. ती फेरमांडणी पानं अगदी पक्की झाल्यावर, एकदाच, हातानं करावी आणि काय काय हलवलं त्याची यादी फाइलीशेजारी ठेवावी. दुसऱ्या आवृत्तीत तीच यादी उपयोगी पडते. भिंतीवरच्या नियमाला हा एवढाच अपवाद.

आणखी एक मर्यादा. मराठी अभ्यासग्रंथांत व्यक्तिनामसूची, स्थलसूची, विषयसूची अशा वेगळ्या सूच्या देण्याची चांगली चाल आहे. इनडिझाइन एका पुस्तकाची एकच सूची काढतं. ‘व्यक्ती’, ‘स्थळं’, ‘विषय’ अशा मोठ्या नोंदी करून त्यांच्याखाली सगळं घालता येतं, पण मग चारपैकी एक पातळी त्यातच खर्च होते. बहुतेक मराठी पुस्तकांना उरलेल्या तीन पुरतात. वेगळ्या सूच्या हव्या असतील तर हा मार्ग वापरावा आणि शेवटी तीन तुकडे वेगळे मांडावेत.

आता एक प्रश्न नेहमी येतो : एवढा खटाटोप कशाला? पीडीएफ उघडा, शब्द टाका, सापडतं. पहिली गोष्ट, जुन्या फाँटातल्या पीडीएफमध्ये मराठी शब्द टाकून काही सापडत नाही. पण समजा सगळं युनिकोड आहे. मुक्ता साळवे हिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. मांग आणि महारांच्या दुःखाविषयी फुल्यांच्या शाळेतल्या एका मुलीनं लिहिलेला. आता आपल्या कल्पित पुस्तकाचा लेखक एका पानावर तिचं नाव घेतो आणि पुढे दोन ठिकाणी नुसतं ‘या शाळेतल्या विद्यार्थिनीनं आधीच हा प्रश्न विचारला होता’ असं लिहितो. शब्दशोधाला ती दोन पानं कधीही दिसणार नाहीत. सूची करणाऱ्यानं पुस्तक वाचलेलं असतं, म्हणून तो तिथं ‘साळवे, मुक्ता’ अशी खूण टाकतो. शब्दशोध लिहिलेलं शोधतो, सूची म्हटलेलं शोधते.

आणि इथंच सूची समीक्षा होते. तिच्यात कुणाला नोंद मिळाली आणि कुणाला मिळाली नाही, हा निवाडा असतो. पुढाऱ्याला नोंद आणि त्याच्या पत्नीला ‘पत्नी’ ही उपनोंद, हा एक निवाडा झाला. सभा भरवणाऱ्याला नोंद, सभेसाठी जागा देणाऱ्याला नाही, हा दुसरा. ‘शिक्षण’ या नोंदीपुढे चाळीस आकडे ओळीनं देणं हा निवाडा टाळणं झालं. सहासातपेक्षा जास्त आकडे साठले की उपनोंदी कराव्यात : मुलींचं, अस्पृश्यांचं, शेतकऱ्यांचं, सरकारी खर्च, मिशनऱ्यांच्या शाळा. या उपनोंदी वाचल्या तरी पुस्तकाचा युक्तिवाद समजतो. त्या करता येत नसतील तर बहुधा दोष पुस्तकात आहे, आणि लेखकाला तो सूचीनंच दाखवून दिला पाहिजे.

तालुक्याच्या वाचनालयात बसलेला वाचक डोळ्यासमोर आणा. पुस्तक घरी नेता येत नाही, हाती दोन तास आहेत, आणि चळवळीत असलेल्या आपल्या गावाचं नाव त्याला शोधायचं आहे. सूची असेल तर पाच मिनिटांत पान उघडतं. नसेल तर त्याचं गाव त्या पुस्तकात असूनही त्याच्यापुरतं नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. मांडणीच्या वेळापत्रकात सूचीचे आठ दिवस आधीच धरा. शेवटच्या फॉर्मात उरलेल्या पानांवर तिचं आकारमान ठरवू नका. ब्रिटनमध्ये १९५७पासून सूचीकारांची स्वतःची संस्था आहे. आपण निदान पुस्तकात सूचीकाराचं नाव छापू या, मुखपृष्ठकाराचं छापतो तसं. आणि परीक्षण लिहिणाऱ्यांनो, पुढचं पुस्तक हातात आलं की आधी शेवटची पानं उघडा.

धन्यवाद. दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : आता कृत्रिम बुद्धिमत्तेला मजकूर दिला तर ती नावं काढून देते. मग हे सगळं कशासाठी?

उत्तर : काढून देते, आणि पहिली कच्ची यादी म्हणून ती जरूर घ्यावी. विभक्तीची रूपंही ती बऱ्यापैकी ओळखते. पण दोन शाहूंमध्ये गोंधळ झाला का, ‘विद्यार्थिनी’ म्हणजे मुक्ता का, आणि कुणाला नोंद द्यायची, हे पुस्तकाची जबाबदारी घेणाऱ्या माणसानं तपासायचं. सूचीतलं प्रत्येक पान उघडून बघायला पर्याय नाही.

प्रश्न : सूची किती पानांची असावी?

उत्तर : सर्वसाधारण वैचारिक पुस्तकाला शंभर पानांमागे तीन ते पाच पानं हा अंदाज वापरतात. चरित्र आणि इतिहासाला जास्त लागतात. पण मोजमापापेक्षा एक परीक्षा सोपी आहे. पुस्तकातली तुम्हाला आवडलेली कुठलीही पाच पानं काढा आणि सूचीवरून त्यांच्यापर्यंत पोहोचता येतं का ते बघा. पाचपैकी चार सापडली तर सूची चांगली. दोनच सापडली तर प्रकाशकाला पत्र लिहा.